खंडेनवमीचे निदान

आमच्या घरातला संगणक आजारी पडला, की तीन वैद्य तत्काळ उभे राहतात. पहिले वैद्य आमचे चिरंजीव, वय वर्षे सोळा. त्यांच्या मते सगळ्या दुखण्यांचे मूळ एकच : "बाबा, हा कॉम्प्युटर म्हातारा झालाय." दुसऱ्या वैद्य आमच्या सौ. त्या बँकेत असतात. त्यांचा उपायही ठरलेला : "बंद करून परत चालू करून पाहा." तिसरा वैद्य मी. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. यंत्राच्या पाठीवर प्रेमाने एक थाप मारावी, एवढीच माझी चिकित्सा.

वाचकहो, गेल्या नवरात्रात सातव्या माळेच्या संध्याकाळी हे तिन्ही वैद्य हरले.

आम्ही राहतो ते टेंभी नाक्यापासून हाकेच्या अंतरावर. ज्यांनी ठाणे पाहिले आहे त्यांना टेंभी नाका सांगायला नको. एकीकडे जैन मंदिर, दुसरीकडे बेने इस्रायल मंडळींचे 1879 सालचे सिनेगॉग, आणि मधून अहोरात्र वाहणारी वर्दळ. नवरात्रात तर नाका ओळखू येत नाही. आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या देवीच्या उत्सवाला दूरदूरची माणसे येतात, आणि घरातल्या घरात बोलायचे तरी आवाज चढवावा लागतो. त्या संध्याकाळी परतीच्या पावसाने गाठले. विजा कडाडल्या, घरातले दिवे एकदा मंद झाले, मग भसकन मोठे झाले, आणि विझले. मी प्रश्नपत्रिका लिहीत बसलो होतो. समोरचा पडदा काळा झाला.

पाच मिनिटांनी दिवे आले. संगणक मात्र आला नाही. बटण दाबले की आतला पंखा अर्धा फेरा घेई आणि थबके. पुन्हा दाबले, पुन्हा अर्धा फेरा. दमेकऱ्याने श्वास घ्यावा आणि तो अर्ध्यावर अडकावा, तसे ते दृश्य होते.

"प्रश्नपत्रिका गेली का?" सौ. नी विचारले.

"प्रश्नपत्रिकेचं काय घेऊन बसलीस? त्यात आईच्या ओव्या आहेत!"

आता हे ओव्यांचे प्रकरण सांगितले पाहिजे. माझी आई मुरबाड तालुक्यातली. लहानपणी तिने पहाटे उठून जाते ओढले होते, आणि जात्याबरोबर येणाऱ्या ओव्या तिला अखेरपर्यंत मुखोद्गत होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. एके दिवशी मनात आले, घरातच एक खाण असताना आपण पुस्तकातले दाखले काय देत बसलो आहोत? 2016 च्या उन्हाळ्यात मी अकरा संध्याकाळी आईला स्वयंपाकघरात बसवले आणि मोबाइलवर तिचा आवाज टिपला. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये जाते कुठले? पण हात हलल्याखेरीज तिला ओवीच आठवेना. मग ती पाटावर बसे आणि रिकामी मूठ गोल गोल फिरवी. तशा फिरत्या हाताने तिने एकशे त्रेचाळीस ओव्या गायल्या. ते सारे मी संगणकात उतरवून ठेवले. 2019 च्या पावसाळ्यात आई गेली. तो मोबाइल त्याआधीच बाद होऊन कुठेतरी गेला होता.

म्हणजे प्रत एकच. आणि ती या काळ्या पडद्यामागे.

मी विद्यार्थ्यांना लीळाचरित्र शिकवतो. म्हाइंभटांची मूळ पोथी स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि मग महानुभावांनी आपापल्या स्मरणातून लीळा पुन्हा जुळवल्या, ही परंपरेतली हकीकत मी मोठ्या रंगात येऊन सांगतो. "एकच प्रत असली की हे असं होतं," हे वाक्य तर माझे ठरलेले. तेच वाक्य त्या रात्री माझ्या तोंडावर येऊन आदळले. फरक इतकाच, की आईच्या ओव्या स्मरणातून जुळवायला माझ्याजवळ शिष्यपरिवार नव्हता. मला स्वतःला त्यातल्या दहाही धड आठवेनात.

अष्टमीला सकाळी मी ती पेटी उचलून एका दुकानात नेली. दुकान झकपक होते. काउंटरवरच्या तरुणाने पेटीला वीज लावली, दोनदा बटण दाबले आणि मान हलवली.

"मदरबोर्ड गेला, सर."

"म्हणजे?"

"म्हणजे मेन बोर्ड. इतक्या जुन्याचा आता मिळत नाही. नवीन मशीनच घ्या. आणि हार्ड डिस्कही चालेलसं वाटत नाही."

त्याने ते पावती फाडावी इतक्या सहज सांगितले. त्याची काही चूक नाही, दिवसाकाठी तो असे कितीतरी निकाल देत असेल. पण 'मदरबोर्ड गेला' हे दोन शब्द माझ्या कानांत वेगळ्याच अर्थाने शिरले. मी पेटी उचलली आणि घरी आलो.

संध्याकाळी शेजारच्या आजोबांनी एक पत्ता सांगितला. नाक्यामागच्या गल्लीत, लाकडी जिन्याने वर गेले की एक काका बसतात. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता हे. "ते बदलत नाहीत, दुरुस्त करतात," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. चिरंजीवांना बरोबर घेऊन, पेटी दोघांत धरून मी तो जिना चढलो. वर खोली दहा बाय दहाची. भिंतीला फळ्या, फळ्यांवर डबे, डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. काका सत्तरीच्या घरातले, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांच्या टेबलावर एका पाटावर सोल्डरिंगचे आयर्न, पकड, मल्टिमीटर आणि सारे स्क्रूड्रायव्हर ओळीने मांडलेले होते. प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचे फूल.

"सर, आज हत्यारं पूजेला बसलीयत. उद्या सीमोल्लंघन झाल्यावर उचलायची. उद्या या," काका म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी विचारले, "काय आहे आत?"

"आईचा आवाज आहे," मी म्हटले. दुसरे काही सुचलेच नाही.

काका क्षणभर गप्प झाले. "ठेवा इथं. नुसत्या हातानं जेवढं बघता येईल तेवढं बघू."

पेटीचे स्क्रू अष्टमीलाच कुणी तरी सैल करून ठेवले होते, त्यामुळे झाकण हातानेच निघाले. काकांनी प्रथम नाक आत घातले. हो, अक्षरशः! "जळालं असलं की वास सांगतो," ते म्हणाले. मग बॅटरीच्या उजेडात त्यांनी बोर्डावरचे छोटे छोटे डबीवजा कपॅसिटर एकेक करून न्याहाळले. "यांची डोकी सपाट पाहिजेत. फुगली की समजायचं, गेले. 2000 सालानंतर चारपाच वर्षं असा खराब माल जगभर आला होता. मी शेकड्यांनी बदललेत. तुमच्या बोर्डाचे ठीक आहेत."

चिरंजीव म्हणाले, "पण काका, दुकानवाला म्हणाला मदरबोर्ड गेला."

"कशावरून?"

यावर चिरंजीव निरुत्तर झाले. मीही झालो. वर्गात मुलांना 'कशावरून?' विचारायची माझी सवय, पण त्या दुकानात तो प्रश्न मला सुचला नव्हता.

काका सांगू लागले. संगणकाच्या पेटीत एक यंत्र नसते, अनेक यंत्रांचे एकत्र कुटुंब असते. एसएमपीएस नावाची पेटी भिंतीतली वीज घेऊन तिची बारा, पाच आणि सव्वातीन व्होल्टच्या आसपासची अशी वाटणी करते. मदरबोर्ड सगळ्यांना एकमेकांशी जोडतो. मेमरीच्या पट्ट्या, चित्राचे कार्ड, हार्ड डिस्क ही बाकीची मंडळी. हार्ड डिस्कच्या पोटाखालीही तिचा स्वतःचा एक छोटा बोर्ड असतो. यातला एक जरी बिघडला, तरी कधीकधी सगळे घर ठप्प होते आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, घरातला कर्ताच गेला.

"मग ओळखायचं कसं?"

"एकेकाला घराबाहेर काढायचं. ज्याला काढल्यावर घर चालू होईल, तो."

वाचकहो, मी अक्षरशः चपापलो. आमच्या जुन्या न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. हे असले की ते असते, हा अन्वय. हे नसले की ते नसते, हा व्यतिरेक. दोन्ही बाजूंनी तपासल्याखेरीज कारण ठरवू नये, हे मी एम. ए. ला घोकले होते. काकांनी ते कुठे घोकले नव्हते, पण त्यांची बोटे ते शास्त्र जाणत होती.

त्यांनी प्रथम मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि बटण दाबले. पंख्याने अर्धा फेरा घेतला, थांबला. "मेमरी काढली की बोर्डानं ओरडायला पाहिजे," ते म्हणाले. "लांब लांब शिट्ट्या देतो. प्रत्येक कंपनीची शिट्टीची भाषा वेगळी, पण ओरडला म्हणजे जीव आहे. बाळ रडलं की सुईण खूश होते, तसं." आमचे बाळ रडले नाही. मी खाली बसलो.

मग चित्राचे कार्ड काढले. बटण. अर्धा फेरा. मग सीडीची पेटी. बटण. अर्धा फेरा. आता राहिली हार्ड डिस्क. काकांनी तिची विजेची चपटी पिन हलक्या हाताने ओढली आणि बटण दाबले.

पंखा फिरू लागला. फिरतच राहिला. आणि मेमरी नसलेला तो बोर्ड लांब, कर्कश, अखंड शिट्ट्या मारू लागला. असा गोड आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता!

"तुमचा मदरबोर्ड धडधाकट आहे," काका म्हणाले. पट्ट्या आणि कार्ड परत बसवल्यावर पडद्यावर अक्षरेही उमटली. सुरू होण्यासाठी डिस्क सापडत नाही, असे यंत्र इंग्रजीत सांगत होते.

चिरंजीव उड्या मारत होते. माझा आनंद मात्र दोन क्षणच टिकला. सगळे घर वाचले होते आणि नेमकी डिस्क गुन्हेगार ठरली होती. ज्याच्यासाठी आलो, तेच गेले.

"आता उद्या," काका म्हणाले. पाटावरच्या हत्यारांना त्यांनी हात जोडले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सौ. उठून बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला एवढं वाईट वाटतंय, तर तेव्हाच एक प्रत माझ्याकडे का नाही दिलीत? बँकेत आम्ही साध्या खातेउताऱ्यालाही जपतो." मी उत्तर दिले नाही. उत्तर नव्हतेच.

दसऱ्याला सकाळी मी जिना चढलो तेव्हा काका पूजा विसर्जन करून बसले होते. त्यांनी आपट्याचे पान हातात ठेवले, "सोनं घ्या," म्हणाले, आणि लगेच डिस्क उलटी केली. तिच्या पाठीवर हिरवा बोर्ड होता, पत्त्याच्या पानाहून थोडा लहान. जिथे वीज आत शिरते, त्या तोंडाशी तूरडाळीच्या दाण्याएवढे दोन काळे तुकडे होते.

"हे पहारेकरी," काका म्हणाले. "डायोड. एक पाच व्होल्टच्या दारावर, एक बाराच्या. वीज प्रमाणात असेल तर हे गप्प उभे राहतात. एकदम चढली, की ती स्वतःच्या अंगावर घेऊन जमिनीत घालवतात. फारच चढली तर स्वतः जळून दार बंद करतात. मग आत वीज जातच नाही."

त्यांनी मल्टिमीटरच्या दोन सुया एका डायोडला लावल्या. मीटर गप्प. सुया उलट्या लावल्या. थोडा आकडा हलला. "हा ठीक. याच्यातून वीज एकाच बाजूनं जाते." मग दुसऱ्याला लावल्या. मीटर ओरडला. उलट्या लावल्या. पुन्हा ओरडला. "हा गेला. दोन्ही बाजूंनी मोकळा. म्हणजे बाराच्या दारावर सरळ शॉर्ट. एसएमपीएस बिचारा चालू व्हायला जायचा, शॉर्ट दिसला की स्वतःला वाचवायला बंद पडायचा. म्हणून तो अर्धा फेरा."

मी त्या काळ्या दाण्याकडे बघत राहिलो. सातव्या माळेच्या संध्याकाळी दिवे भसकन मोठे झाले, त्या एका क्षणात हा उभा राहिला होता आणि जळून गेला होता. आम्ही तिघे वैद्य आणि ते झकपक दुकान, आमच्यापैकी कुणाला त्याचे नावही ठाऊक नव्हते.

"बोर्ड बदलला तर?" चिरंजीवांनी विचारले. ते आता शिष्याच्या भूमिकेत शिरले होते.

"डिस्कचा बोर्ड नुसता बदलून भागत नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची मोजमापं तिच्या बोर्डावरच्या चिपमध्ये असतात. एकाचा चष्मा दुसऱ्याला चालेल का? त्यापेक्षा हे बरं." काकांनी आयर्न तापवले आणि जळका डायोड उचलून काढला. "आता दार उघडं आहे, पण पहारेकरी नाही. म्हणून ही फक्त एकदाच चालवायची, चांगल्या विजेवर. नक्कल काढायची आणि मग हिला निवृत्त करायचं."

त्यांनी डिस्क आपल्या यंत्राला जोडली, वीज आपल्या खात्रीच्या एसएमपीएसमधून दिली. काही क्षण काहीच झाले नाही. मग पितळी भांड्यात पाणी फिरावे तसा बारीक घरघराट सुरू झाला. पडद्यावर फोल्डरांची यादी उमटली. त्यात एक नाव होते, 'आई'.

"आधी हे," काका म्हणाले.

बाकीची नक्कल होईतो बराच वेळ होता. काकांनी चहा मागवला. कोपऱ्यातल्या डब्यात काचेचे जुने व्हॉल्व होते, ते चिरंजीवांनी उचलून पाहिले. मी त्याला सांगितले, की आपल्या देशात बनवलेला पहिला मोठा संगणक याच व्हॉल्वांवर चालत असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तो घडला, 1960 साली कामाला लागला, आणि 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. त्यात सुमारे 2700 व्हॉल्व होते. स्मरणशक्ती 2048 शब्दांची, म्हणजे हा लेख त्यात उतरवू म्हटले तर तिसरा हिस्साही मावला नसता!

"सत्तावीसशे व्हॉल्व!" काका म्हणाले. "आमच्या रेडिओत पाचसहा असायचे आणि त्यातला गेलेला शोधताना घाम फुटायचा. त्या लोकांनी कसं शोधलं असेल?" मग स्वतःच म्हणाले, "असंच. एकेक करून."

बोलता बोलता 26 जुलै 2005 ची गोष्ट निघाली. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस. कल्याण, बदलापूर, डोंबिवलीकडून चिखलाने माखलेल्या पेट्या टेम्पोने आल्या, काका सांगत होते. "ज्यांनी घाईनं वीज लावून बघितली, त्यांच्या जळल्या. ज्यांनी तशाच आणल्या, त्यांचे बोर्ड मी स्वच्छ धुतले, आठवडाभर वाळवले, आणि बरेचसे चालले. भिजलेलं यंत्र पाण्यानं मरत नाही, सर, आपल्या उतावळेपणानं मरतं."

माझा जुना एसएमपीएस त्यांनी तपासला. बाराच्या तारेवर साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान आकडा हवा. याच्यावर तो वरखाली नाचत होता. "हा बदला. आणि हा घरी उघडू नका हं, पोरा," त्यांनी चिरंजीवांना बजावले. "तार काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर वीज राहून गेलेली असते."

नक्कल झाली. मी उठू लागलो. काकांनी हाताने थांबवले. "नक्कल निघाली एवढ्यानं झालं नाही. उघडून ऐकली पाहिजे."

त्यांनी एक फाइल उघडली. टेबलावर जुन्या रेडिओतला काढलेला एक स्पीकर होता. खाली रस्त्यावर देवीच्या निरोपाचे ढोल वाजत होते. काकांनी खिडकी लावून घेतली.

आधी भांड्याचा आवाज आला. मग आईने घसा साफ केला आणि ओवी सुरू केली. दुसऱ्या चरणाला ती अडखळली, थांबली, आणि म्हणाली, "थांब रे, हात थांबला की विसरायला होतं." मग पाटाची करकर. पुन्हा ओवी. ती संपल्यावर : "झालं का तुझं? चहा टाकू?"

तिने हे विचारल्याचे मला आठवतच नव्हते. ओव्या तेवढ्या जपायच्या, बाकीचे कापून टाकायचे, असे मी तेव्हा ठरवले होते. आळसाने ते राहून गेले. माझ्या आयुष्यात आळसाने केलेले हे एकमेव सत्कार्य!

काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि उगाचच मल्टिमीटरच्या तारा गुंडाळू लागले. एसएमपीएसचे बाराशे आणि मजुरीचे तीनशे त्यांनी घेतले. जळका डायोड चिरंजीवांनी मागून घेतला.

आता आईच्या ओव्या तीन ठिकाणी आहेत. एक प्रत घरच्या नव्या डिस्कवर, एक सौ. च्या ताब्यात, आणि एक माझ्या बहिणीकडे डोंबिवलीला. बहिणीने ती ऐकली, रात्री फोन केला आणि म्हणाली, "त्यातली एक ओवी आई वेगळी म्हणायची." म्हणजे पाठभेद सुरू झाले. परंपरा जिवंत आहे.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा घरोघर दिवाळीची झाडझूड झाली असेल. माळ्यावर किंवा टेबलाखाली एखादी जुनी पेटी तुमच्याकडेही असेल. कुणी 'गेली' म्हणाले म्हणून ती भंगारात देऊ नका. 'कशावरून?' एवढे विचारा. आणि ती चालू असेल, तर आजच तिच्यातल्या तुमच्या माणसांची एक नक्कल काढा, आणि ती उघडून ऐका.